आमच्या घरात बोलणारी उल्का

उल्काच्या निरोपाचा केक आला तेव्हा कापायला सुरीच सापडेना. सगळे एकमेकांकडे बघत बसले. शेवटी मी उठले आणि खालच्या कँटीनमधून सुरी घेऊन आले, तीसुद्धा लिफ्टची वाट न बघता, जिने उतरून. एवढ्या उत्साहानं मी त्या ऑफिसात दुसरं काही केल्याचं मला आठवत नाही. सर म्हणाले, "मंजिरीला बघा, किती जीव आहे मैत्रिणीवर!" मी हसले. जीव होता खरा, पण तो नुसता जळत होता. ते काय केकसमोर सांगायचं?

हेवा हा शब्दसुद्धा मला थोडा तोकडाच वाटतो. शेजारणीची नवी साडी बघून वाटतो तो हेवा. हे म्हणजे आपण घासूनपुसून लखलखीत ठेवलेल्या स्वयंपाकघरात कुणी पाहुणीनं यावं, हाताला लागेल तो डबा उघडून आमटी टाकावी, आणि आपल्याच घरच्यांनी भुरका मारून म्हणावं, "व्वा! अशी आमटी या घरात कधी झाली नव्हती." माझ्या बाबतीत हे अक्षरशः झालं. घर आमचं, आई माझी, आणि पाहुणी उल्का.

आमचं ऑफिस बेलापूरला. आमच्या कामाला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. आईनं विचारलं तेव्हा मी तिला सांगितलं होतं, की बाई, पूर्वी कॉम्प्युटर टेबलावर असायचा आणि माणूस उठून त्याच्याकडे जायचा. आता तो घरभर पांगलाय. फोनात आहे, भिंतीवरच्या पाटीत आहे, कोपऱ्यातल्या स्पीकरमध्ये, मनगटावरच्या पट्ट्यात, विहिरीवरच्या मोटारीतसुद्धा आहे. निरोप एकच असतो, पण माणूस जिथे असेल तिथे आणि त्या वेळी त्याला जमेल त्या रूपात तो पोचायला हवा. कधी अक्षरात, कधी दिव्यात, कधी आवाजात. ते रूप ठरवायचं काम आमचं. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे तू दवंडीवाली." झालं. माझ्या सगळ्या शिक्षणाचा तिनं एका शब्दात निकाल लावला.

उल्का उरणची. घरचे मिठागरावर राबलेले. अंगानं बुटकी, वेणी कायम अर्धी सुटलेली, चपला टेबलाखाली कुठे तरी, आणि पाय खुर्चीवर मांडी घालून. बोलणं अस्सल तिकडचं. सर असोत नाहीतर परदेशातून आलेलं गिऱ्हाईक, "सर, ह्यो पडदा मना नाय पटला," असं स्क्रीनकडे बोट दाखवून सरळ तोंडावर. मी श्रीवर्धनची, पण होस्टेलवर आले त्या पहिल्याच वर्षी 'हाय' आणि 'न्हाय' खरवडून टाकलं होतं. इतकी मेहनत करून मी शुद्ध झाले, आणि लोकांना गोड वाटायचं ते उल्काचं बोलणं! परदेशी पाहुणेसुद्धा जाताना तिला "काय गो?" म्हणून जायचे. मला हस्तांदोलन.

शिवाय शिस्त म्हणून नाही. दुपारच्या आधीच सगळ्यांच्या डब्यांतलं चाखून झालेलं. फोन नेहमी मेलेला. दुनियेच्या यंत्रांना वळण लावणारी ही बाई घरी फोन करायला माझा फोन मागायची. ओळखपत्र हरवलेलं असायचं, तरी वॉचमन उठून दार उघडायचा. माझं ओळखपत्र गळ्यात असूनही तो मला रोज थांबवायचा. कागदपत्रं लिहायची वेळ आली की उल्का गायब. ती मी लिहायची. तिच्या डोक्यातलं माझ्या हातानं, सुवाच्य, क्रमवार. सर वाचून म्हणायचे, "उल्काची काय कल्पना आहे!"

तिचा एक प्रश्न होता. कुणीही नवा पडदा दाखवला, की ती रंग बघायची नाही, अक्षरं बघायची नाही. विचारायची, "तिचे हात कुठं हायत?" म्हणजे वापरणारीचे. मी एकदा कोळणींच्या बर्फाच्या कोठीसाठी एक पडदा केला होता. निळ्याच्या सहा छटा, अगदी देखणा. कोठी तापली तर इशारा यायचा आणि बोटानं बाजूला सारला की जायचा. उल्का दुसऱ्या दिवशी मीटिंगला स्टीलचा डबा घेऊन आली. मला वाटलं, खायला आणलं असेल. झाकण काढलं तर कच्ची कोलंबी! एसीच्या बंद खोलीत तो वास असा काही पसरला, की विचारू नका. तिनं डबा सरांपुढे ठेवला. "सोला सर." सरांना कोलंबी खायची ठाऊक, सोलायची कुठून? त्यांनी बिचाऱ्यांनी बाह्या सरसावल्या. चार-पाच सोलून होताहेत तोवर तिनं माझा इशारा त्यांच्यासमोरच्या टॅबलेटवर वाजवला. सरांचे दोन्ही हात चिकट. त्यांनी आधी करंगळी लावून बघितली, मग कोपर, आणि शेवटी चक्क वाकून नाकानं प्रयत्न केला. सगळे हसून हसून लोळले. सरसुद्धा. मी सोडून.

त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक पडद्यावर कोपरानं दाबता येईल एवढं बटण आलं, आणि हात गुंतलेले असले की बोलून काम होईल अशी सोय आली. चांगलंच झालं, मी नाही कशाला म्हणू? पण मला सांगायचं होतं, की बाई, हे तू मला खासगीत सांगू शकली असतीस. ते मी तिला कधी म्हटलं नाही. तिनं उरलेली कोलंबी मलाच दिली, घरी न्यायला. मी नेली आणि खाल्ली. ताजी होती, त्यावर राग कशाला काढायचा?

मग आमच्या वाडीचं प्रकरण आलं. श्रीवर्धनला आमची सुपारीची वाडी आहे. वादळात निम्म्या पोफळी गेल्या, नव्या लावलेल्या लहान आहेत, त्यांना पाणी वेळच्या वेळी लागतं. विहीर वाडीच्या टोकाला, तिथलं पाणी मोटारीनं घराजवळच्या टाकीत चढवायचं. बाबा न्हावा शेव्याला बंदरात कामाला, ते सुट्टीला घरी. म्हणजे मोटार चालू करायला आणि बंद करायला आई एकटी. वाटेत शेवाळलेले चिरे, आणि तिचा उजवा गुडघा गेलेला. डॉक्टरांनी बजावून ठेवलंय, की पुन्हा पडलात तर काठीवर येणार. मला दर पावसाळ्यात बेलापूरला बसून फक्त ते चिरे दिसायचे. म्हणून कंपनीला वाडीबागेत प्रयोग करायचा होता तेव्हा मी हट्टानं आमचं घर पुढे केलं. आईनं घरात बसल्या बसल्या मोटार चालवावी, मी केलेल्या यंत्रावर. मला दुसरं काही नको होतं.

सगळं मी मांडलं. भिंतीवर पाटी, स्वयंपाकघरात आणि गोठ्याच्या पडवीत स्पीकर, हात गुंतलेले असतील म्हणून आवाजाची सोय. आईला दोनदा समजावून सांगितलं. आणि आई? आई आपली चालत विहिरीवर. दर वेळी फोनवर विचारलं की म्हणायची, "व्हय व्हय, करीन." मी चिडायची. म्हटलं, जुनी माणसं, शिकायलाच नको.

उल्का म्हणाली, "मी येतंय तुज्या घरी." आली. स्वयंपाकघरात आईशेजारी फतकल मारून बसली, सुपाऱ्या सोलायला लागली आणि गप्पा मारत राहिली. मोटारीचा विषयच नाही. तास-दोन तासांनी सहज म्हणाली, "काकी, मोटर चालू करा ना." आई सुपारी सोलत राहिली. पुन्हा म्हणाली. आईनं पदर तोंडाला लावला. उल्कानं भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

पाटीवर लिहिलं होतं, "दामोदर पंप".

दामोदर हे माझ्या बाबांचं नाव. ऑफिसात बसून यंत्र नोंदवताना मालकाच्या जागी मी त्यांचं नाव टाकलं होतं, आणि यंत्रानं तेच मोटारीला चिकटवलं. म्हणजे मोटार चालवायची तर "दामोदर, चालू हो" असं म्हणायचं. आणि माझ्या आईनं लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव एकदाही असं सरळ उच्चारलेलं नाही. 'ह्यांनी', 'अवो', फार तर 'मंजीचे बाबा'. हे मी जन्मापासून ऐकतेय! पोटच्या पोरीला जे दिसलं नाही ते उरणच्या पाहुणीला सुपारी सोलता सोलता दिसलं. माझ्या अंगाची नुसती लाही झाली.

"उखाण्यात तर घेता ना काकी?" उल्का म्हणाली. "मग उखाणा घ्या."

"गप गो, मोटारीला काय उखाणा?" आई लाजली. पण उल्का ऐकते कुठली? शेवटी आई उठून उभी राहिली, पदर डोक्यावरून घेतला आणि स्पीकरकडे बघून म्हणाली,

"विहिरीचं पानी गोड, पाटाला लागली धार,
दामोदररावांचं नाव घेते, चालू कर मोटार."

आणि मोटार चालू झाली की हो! आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. उल्का जमिनीवर लोळत होती. कुंपणापलीकडची शेजारीण धावत आली, काय झालं म्हणून. मग आईच म्हणाली, "आता बंद कराया दुसरा उखाना कुठनं आनू?"

त्या दुपारीच उल्कानं माझी नाव नोंदवायची पद्धत मोडून काढली. "वस्तूला नाव आपण द्यायचा नाय," म्हणाली. "घरातल्याला इचारायचा, तू तिला काय हाक मारतंस? ज्याच्या तोंडात जे असंल ते तिचा नाव." आई मोटारीला वर्षानुवर्षं 'मेला' म्हणते, कारण ती ऐन वेळी बंद पडते. म्हणून आता "मेल्या, चालू हो" म्हटलं की पाणी सुरू, "मेल्या, थांब" म्हटलं की बंद. बाबा सुट्टीवर आले की त्याच मोटारीला मोटार म्हणतात, तेही चालतं. एकच वस्तू, प्रत्येकाच्या तोंडात वेगळी. पुढे आमच्या सगळ्या कामात हीच पद्धत आली. तिची कागदपत्रं अर्थात मी लिहिली.

तिची सगळीच सरशी झाली असं नाही. मनगटाचा पट्टा ही तिचीच कल्पना. आई कुठे आहे ते पट्टा सांगेल आणि निरोप त्याच जागी ऐकू येईल. झकास! आठवड्याभरात आईची तक्रार, की घरात काही ऐकूच येत नाही. जाऊन बघतो तर गोठ्याच्या पडवीतला दिवा लागलेला, तिथला स्पीकर बोलतोय, आणि समोर आमची बकरी कान टवकारून उभी. पट्टा तिच्या गळ्यात! आई म्हणाली, "ती सारखी पळून जाते, म्हून तिला बांधला. मी कुठं हरवनार हाय?" टाकी भरल्याची बातमी आठवडाभर बकरीला मिळत होती.

मी मनातून इतकी खूश झाले, की काय सांगू! म्हटलं, आता उल्काचं तोंड बघण्यासारखं होईल. आणि उल्का? ती हसत हसत खालीच बसली, डोळ्यांतून पाणी. पुढे प्रत्येक मीटिंगमध्ये ती स्वतःच ही गोष्ट सांगायची, बकरीचा आवाज काढून. माझी अशी फजिती झाली असती तर मी ती वाडीत खोल खड्डा करून पुरली असती. तिच्या चुकीचासुद्धा आनंद तिनं मला धड घेऊ दिला नाही.

पण खरं दुखणं आवाजाचं. आधी यंत्राला विकतचा आवाज होता, बातम्या देणाऱ्या बाईसारखा. "टाकी पूर्ण भरलेली आहे." आई त्याकडे लक्षच द्यायची नाही, तिला वाटायचं शेजारी टीव्ही लागलाय. तेव्हा उल्कानं आमच्याच स्वयंपाकघरात फोन तोंडाशी धरला आणि म्हणाली, "काकी, टाकी भरली गो!" तेच घातलं. मी म्हटलं, "अगं, माझा घाल ना. मी मुलगी आहे तिची."

"घरच्याचा आवाज नको," ती म्हणाली. एवढंच. का, ते नाही. मला तो माज वाटला.

आणि आई त्या आवाजाला उत्तर द्यायला लागली. "व्हय गो बाय, ऐकलं. मेल्या, थांब." विहिरीवर जाणं बंद झालं, मला जे हवं होतं ते झालं, आणि मी बेलापूरला चरफडत बसले. फोन केला की आई सांगणार, "उल्का आताच बोलली, पानी झालं म्हून." उल्का बोलली! उल्का माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून माझीच भाकरी खात होती.

केक कापला गेला. उल्का बंगळूरला निघाली होती, दवाखान्यातल्या खाटांना बोलतं करणाऱ्या कुठल्याशा कंपनीत. जाण्याआधी तिला आईला भेटायचं होतं. मी म्हटलं, जाऊ, पण या वेळी मी माझा आवाज घालणार. भांडायची पूर्ण तयारी करून म्हटलं. ती म्हणाली, "घाल की. तुजा घर हाय." झालं, भांडण घशातच राहिलं.

येतोय हे आईला कळवलं नव्हतं, नाहीतर ती गुडघ्याचा विचार न करता सकाळपासून रांधत बसली असती. मागच्या बाजूनं थेट विहिरीवर गेलो, तिथून पोफळींच्या मधून घराची पडवी आणि पुढचं फाटक दिसतं. मोटार चालूच होती. मी कठड्यावर लॅपटॉप ठेवला, उल्काचा आवाज काढला आणि माझा घातला. ऑफिसात दार लावून मन लावून रेकॉर्ड केला होता. थोड्या वेळानं टाकी भरली आणि घरातून मला माझाच आवाज ऐकू आला, "आई, टाकी भरली गं!" मी उल्काकडे विजयानं बघितलं.

आई पडवीत आली. हात पदराला पुसत. मला वाटलं, आता म्हणेल, "मेल्या, थांब." ती काही म्हणाली नाही. तिनं खांब धरला आणि पायरी उतरली. एक पाय, मग तो दुखरा पाय. मग पुढची पायरी. अंगणात सुपारी वाळत घातली होती, तिला वळसा घालून ती फाटकापर्यंत गेली, कडी काढली, आणि कपाळावर हात धरून एसटी स्टँडच्या रस्त्याकडे बघत उभी राहिली. मागे टाकी भरून वाहत होती. त्या पाण्याचा आवाज तिला ऐकू येत नव्हता. रस्त्यावर कुणी नव्हतं, तरी ती हलेना. चेहरा मला दिसत नव्हता, पण तिनं एका हातानं केस नीट केले ते दिसलं.

"माजी आई दुसरा ताट घ्यायची," उल्का हळूच म्हणाली. "उरणला, मीच माजा आवाज घातलेला. मी इकडं ऑफिसात, ती दोन ताटां घेऊन बसायची. शेजारणीनी सांगितला तवा कलला मना."

तिची आई आता नाही, हे मला माहीत होतं. हे नव्हतं माहीत.

मी धावायला हवं होतं. उल्कानं हातानं मोटार बंद केली आणि चिऱ्यांवरून पळत गेली. मी कठड्यावर बसून माझा आवाज काढला आणि तिचा परत घातला. घाईत दोनदा चुकलं, त्यामुळे वेळ लागला. मान वर केली तेव्हा आईला उल्का सापडली होती, आणि आई तिच्या खांद्यावरून मागे, झाडांत, मला शोधत होती. "मंजी कुठं हाय? तिनं हाक मारली आता." उल्का म्हणाली, "येतेय, येतेय. चला वरती."

त्यानंतर आम्ही जेवलो, आईनं तिला नारळ बांधून दिले, स्टँडवर सोडलं, ती गेली. ते सगळं झालंच. पण उल्का म्हटलं की मला दिसतात त्या पायऱ्या चढणाऱ्या दोघी, पाठमोऱ्या. आईनं सगळा भार तिच्या खांद्यावर टाकलेला, आणि उल्का घाई न करता, आईच्या गुडघ्याला जमेल त्या बेतानं चढतेय. माझ्या नुसत्या आवाजानं माझी आई फाटकापर्यंत चालत जाते, हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्याच वेळी तिचा हात उल्काच्या खांद्यावर होता. तो खांदा माझा असायला हवा होता. अजून हवा आहे. हेवा गेला असं म्हणू तरी कशी?